किनोसाकी ओन्सेन: जपानमधलं असं गाव, जिथे अख्खं गावच एक हॉटेल आहे!

संध्याकाळ झाली की या गावातले पाहुणे सुती किमोनो घालतात, लाकडी चपला खडखडवत रस्त्यावर येतात आणि एका स्नानगृहातून दुसऱ्यात जात राहतात. हे आहे जपानच्या ह्योगो प्रांतातलं किनोसाकी ओन्सेन. ओन्सेन म्हणजे गरम पाण्याचा नैसर्गिक झरा.

गावाची खासियत काय?

गावाच्या मधून ओतानी ही छोटी नदी वाहते. तिच्या दोन्ही काठांवर विलोची झाडं, वर दगडी कमानीचे पूल आणि आसपास सात सार्वजनिक स्नानगृहं. इथले लोक म्हणतात, रेल्वे स्टेशन हे गावाचं प्रवेशद्वार, रस्ते म्हणजे व्हरांडे, रयोकान म्हणजे पारंपरिक लॉज या खोल्या आणि स्नानगृहं म्हणजे बाथरूम!

आख्यायिकेनुसार दोची शोनिन या बौद्ध भिक्षूने हजार दिवस प्रार्थना केली आणि इथे गरम पाणी उसळलं. या गोष्टीला सुमारे १३०० वर्षं झाली, असं मानलं जातं.

१९२५ मध्ये काय घडलं?

२३ मे १९२५ रोजी सकाळी ११ नंतर मोठा भूकंप झाला. घराघरांत दुपारच्या स्वयंपाकासाठी चुली पेटलेल्या होत्या. आग भडकली आणि जवळजवळ सगळं गाव जळून गेलं. एकट्या किनोसाकीत अडीचशेहून अधिक लोकांचा जीव गेला.

गाव पुन्हा उभं करताना रहिवाशांनी आपल्या जमिनीचा काही भाग सोडला. त्यातून रस्ते आणि नदीचं पात्र रुंद झालं. आधी सार्वजनिक स्नानगृहं उभी राहिली, कारण गावाचं पोट त्यावरच होतं. आज फोटोंत दिसणारे पूल आणि नदीकाठ ही त्याच पुनर्बांधणीची देणगी.

पाणी कुणाचं?

पुढे १९२७ मध्ये एका रयोकानने स्वतःच्या आवारात गरम पाण्याचं स्नानगृह सुरू केलं. गावकरी चिडले आणि प्रकरण कोर्टात गेलं. १९५० मध्ये समझोता झाला. झऱ्याचं पाणी सगळ्या गावाचं ठरलं. रयोकानना आपल्या आवारात स्नानगृह ठेवता आलं, पण त्याच्या आकारावर मर्यादा आली. त्यामुळेच पाहुणे आजही बाहेर पडतात आणि दुकानं, खानावळी चालतात.

जाण्याआधी हे लक्षात ठेवा

• क्योतोहून थेट एक्सप्रेस ट्रेनने साधारण अडीच तास लागतात.
• गावात मुक्काम केल्यास सातही स्नानगृहांचा पास मिळतो. सगळ्यांची साप्ताहिक सुट्टी एकाच दिवशी नसते, ती आधी तपासा.
• वज्रेश्वरीच्या कुंडात कपडे घालून उतरतात, तसं इथे चालत नाही. स्नान कपड्यांशिवायच करायचं असतं. स्त्री-पुरुषांसाठी जागा वेगळ्या असतात.
• आधी साबणाने स्वच्छ अंघोळ करा, मगच कुंडात उतरा. छोटा टॉवेल पाण्यात बुडवू नका.
• जपानमध्ये अनेक ठिकाणी टॅटू असलेल्यांना प्रवेश मिळत नाही. इथल्या सार्वजनिक स्नानगृहांत मात्र तो मिळतो.
• खेकड्यांचा हंगाम नोव्हेंबर ते मार्च. तेव्हा गर्दी आणि दर दोन्ही वाढतात.