नीडिया आणि पाँपेईचा काळोख

इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गडप झालेल्या पाँपेईवर एडवर्ड बुल्वर-लिटनने १८३४ साली ‘द लास्ट डेज ऑफ पाँपेई’ ही कादंबरी प्रसिद्ध केली. तीतील फुले विकणारी आंधळी नीडिया कल्पित आहे, हे आम्ही विद्यार्थ्यांस सांगतोच. परंतु भरदिवसा दाटलेला काळोख कल्पित नव्हे. आखातापलीकडे मिसेनम येथे तो अनुभवलेल्या धाकट्या प्लिनीने टॅसिटसला लिहिलेल्या पत्रात त्याचे वर्णन आहे. त्या काळोखात डोळस चाचपडतात आणि नीडिया वाट दाखविते.

पुढे १८६३ पासून फियोरेल्लीने राखेतील पोकळ्यांत प्लॅस्टर ओतून मृतांच्या आकृती मिळविल्या. कादंबरीत नावे होती, देह नव्हते. उत्खननात देह सापडले, नावे नाहीत. पुराव्याची जागा कल्पनेस देऊ नये, हे खरेच. पण त्या निनावी देहांविषयी मुलांच्या मनात कळवळा उपजतो तो नीडियामुळेच, असा आमचा अनुभव आहे.