लाखनीचा महामार्ग आणि मोटरसायकलची निवड

भंडारा जिल्ह्यातील लाखनी हे तालुक्याचे गाव भंडारा आणि साकोली यांच्या दरम्यान, नागपूरहून रायपूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर वसलेले आहे. हा रस्ता ब्रिटिश काळात ‘ग्रेट ईस्टर्न रोड’ म्हणून ओळखला जाई, पुढे तो राष्ट्रीय महामार्ग 6 झाला आणि आता त्याचा क्रमांक 53 आहे. नागपूरहून पूर्वेकडे जाणारा लोहमार्ग तुमसर रोड आणि गोंदियाच्या बाजूने गेल्यामुळे लाखनीचे दळणवळण रस्त्यावरच अवलंबून राहिले, आणि म्हणून दूरच्या प्रवासाला जुनी साधी मोटरसायकल बरी की आधुनिक, हा प्रश्न या पट्ट्यात केवळ हौसेचा ठरत नाही.

1955 साली मद्रासमध्ये स्थापन झालेल्या ‘एनफील्ड इंडिया’ची 346 सीसीची बुलेट, आणि 1960च्या दशकात आलेल्या म्हैसूरच्या जावा व एस्कॉर्ट्सच्या राजदूत या गाड्यांनी पहिली पिढी घडवली. त्यांच्या इंजिनात ठिणगी पाडण्यासाठी विजेचा प्रवाह तोडणारे ‘पॉइंट’ असत आणि पेट्रोल व हवा यांचे मिश्रण कार्ब्युरेटर करी. जावा व राजदूत या दोन-स्ट्रोक गाड्यांच्या पेट्रोलमध्ये तेलही मिसळावे लागे. हे भाग वारंवार बिघडत, पण बिघाड डोळ्यांना दिसत असल्यामुळे पॉइंट घासून, प्लगची काजळी काढून किंवा कार्ब्युरेटरची जेट फुंकून गाडी रस्त्याच्या कडेलाच पुन्हा चालू करता येई.

1985 मध्ये आलेल्या हिरो होंडा सीडी 100 ने हे समीकरण बदलले. तिच्या चार-स्ट्रोक इंजिनाचे वंगण इंधनापासून वेगळे राहत असल्यामुळे तेल मिसळण्याची गरज उरली नाही आणि पेट्रोलही कमी लागू लागले, तरी तिची रचना गावच्या मिस्त्रीच्या आवाक्यातच राहिली. 1 एप्रिल 2020 पासून लागू झालेल्या बीएस-6 या प्रदूषण-मानकामुळे मात्र बहुतेक गाड्यांत कार्ब्युरेटरच्या जागी इंधनाची मात्रा संवेदकांच्या आधारे ठरवणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आली, आणि तिचा दोष शोधायला पान्यापेक्षा निदानयंत्र अधिक लागू लागले.

त्याआधी, 2019 पासून, 125 सीसीवरील नव्या गाड्यांना एबीएस, म्हणजे जोराचा ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, बंधनकारक झाली होती. साकोलीच्या पुढे देवरीकडे जाताना नवेगाव आणि नागझिरा यांच्यामधील जंगलपट्ट्यात वन्य प्राणी अकस्मात रस्त्यावर येऊ शकतात, आणि अशा वेळी, विशेषतः पावसाळ्यातील ओल्या डांबरावर, या यंत्रणेचे मोल जिवाइतके असते.

जुन्या गाडीचा साधेपणा हा वास्तविक तिच्या चालकाच्या आणि मिस्त्रीच्या हातातील ज्ञानाचा भाग होता, आणि ते हात नसतील तर तो साधेपणा वाटेत उपयोगी पडत नाही. म्हणून पॉइंट स्वतः लावता येणाऱ्याने जुनी गाडी निःशंकपणे दूर न्यावी. इतरांसाठी लाखनीच्या या महामार्गावर नवी गाडीच अधिक सुरक्षित निवड आहे.