कॅमेऱ्याची पेटी आणि घाटाखालची वाट

छायाचित्रणाच्या इतिहासात कॅमेऱ्याला मान आहे, भिंगाला आहे, छायाचित्रकाराला तर आहेच. पेटीला मात्र नाही, आणि पेटी वाहणाऱ्याला त्याहून नाही. कर्जत-खालापुरातील चित्रणासाठी चाकांची बॅग निवडण्याची वेळ आली, तेव्हा या उणिवेकडे आमचे प्रथम लक्ष गेले.

पळसदरीहून खंडाळ्याकडे चढणारा बोरघाटाचा रेल्वेमार्ग २१ एप्रिल १८६३ रोजी खुला झाला. पंधरा मैलांत १,८३१ फुटांचा चढ, पंचवीस बोगदे, आठ मोठे पूल. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये येथे आल्यावर थोड्याच दिवसांत मरण पावला. कंत्राट त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने पुरे करून घेतले, आणि या कामाची छायाचित्रेही तिच्या नावावर आहेत. त्या काळी रूढ असलेल्या ओल्या काचेच्या पद्धतीत काचेवर रसायन ओतायचे, ते वाळण्यापूर्वी चित्र घ्यायचे आणि तिथल्या तिथे ते धुवायचे. म्हणजे कॅमेऱ्यासोबत तिवई, काचा, रसायनांच्या बाटल्या, पाणी आणि अंधारखोलीचा तंबू असा सारा संसार जागेवर न्यावा लागे. तो कोणीतरी वाहिलाच असणार. घाटाच्या कामावर चाळीस हजारांहून अधिक मजूर होते, असे आकडे सांगतात. ओझे कोणाच्या डोक्यावर होते ते आकडे सांगत नाहीत.

पुढची गोष्ट १९१२ सालची. दादासाहेब फाळके यांनी लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणला आणि ‘राजा हरिश्चंद्र’चे बाह्यचित्रण नेरळच्या अलीकडील वांगणी येथे करायचे ठरवले. मंडळी आगगाडीने पुढे गेली आणि देवळात थांबली. रंग लावून ढाल-तलवारींची तालीम सुरू होताच गावकऱ्यांना वाटले, दरोडेखोर आले! पाटलाने फौजदाराला कळवले. ‘आम्ही चित्रपट करणार आहोत’ या खुलाशावर कोणाचा विश्वास बसेना, कारण चित्रपट कसा करतात हे गावात कोणाला ठाऊक असणार? इतक्यात फाळके आले. त्यांनी कॅमेऱ्यावरील आच्छादन काढले आणि आत फिल्म न भरताच एक प्रसंग करून दाखवला. तेव्हा कुठे पाटील-फौजदारांची खात्री पटली. आम्हांस या हकिगतीत विनोदापेक्षा अधिक काही दिसते. या चित्रपटाचा पहिला प्रेक्षक तिकीट काढून आलेला नव्हता. तो संशय घेऊन आला होता, आणि त्याच्यापुढे पुराव्यादाखल ठेवला गेला तो रिकामा कॅमेरा.

चाक पेटीला फार उशिरा लागले. बर्नार्ड सॅडो यांना चाकांच्या सामानासाठी अमेरिकेत पेटंट मिळाले ते १९७२ मध्ये. ओढण्याच्या दांड्याची उभी बॅग रॉबर्ट प्लॅथ या वैमानिकाने १९८० च्या दशकाच्या अखेरीस केली. ही वैमानिकाची कल्पना आहे हे विसरू नये. तिने गुळगुळीत फरशी गृहीत धरलेली आहे. विमानात सात किलोंची मर्यादा असते आणि अशी बॅग रिकामीच चार-साडेचार किलो भरते. सुट्ट्या लिथियम बॅटऱ्या तर सोबतच न्याव्या लागतात. त्या खालच्या सामानात टाकता येत नाहीत. मग उरलेल्या अडीच किलोंत काय बसवायचे, याचा हिशेब ज्याने त्याने करावा. पावसाळ्यात येथील दमट हवेने भिंगांवर बुरशी धरते, म्हणून बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या हव्यात, आणि चाके बदलता येणारी हवीत. आमच्या आधीच्या बॅगेचे एक चाक कर्जतजवळच्या खडीवर निखळले, आणि तिचा निर्माता सुटे चाक विकत नव्हता. असो.

परंतु खरा प्रश्न चाक कोठवर जाते हा आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वाडीला रस्ता नव्हता. यंत्रे पायथ्याशी राहिली आणि बचावपथकांनी चिखलाची चढण पायी चढून हातांनी माती उपसली. छायाचित्रकारही त्याच वाटेने गेले. त्या दिवसांची छायाचित्रे पाहताना चौकटीबाहेरची ती वाट आमच्या मनातून जात नाही. वाडीतील लोक ती रोज चढत होते, बाजारहाटाचे ओझे घेऊन, आणि तेव्हा तिचे छायाचित्र घ्यावे असे फारसे कोणाला वाटले नव्हते.

शेवटी आम्ही चाके असलेली, पण पाठीवरही घेता येईल अशी बॅग घेतली. तिचा पहिला प्रवास माथेरानचा झाला. दस्तुरी नाक्यापुढे मोटारींना बंदी असल्याने तेथे हमाल केला. आम्ही दांडा ओढून चाके कशी फिरतात ते उत्साहाने दाखवले. त्याने पुढच्या वाटेकडे एकदा पाहिले, दांडा आत ढकलला, बॅग उचलून डोक्यावर घेतली आणि तो चालू लागला.