चोरपावलांचा खेळ : 'थीफ'चे मूल्यमापन

शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'तील शर्विलक हा देवलांच्या रूपांतरामुळे मराठी रसिकांच्या चांगल्या परिचयाचा आहे. चारुदत्ताच्या घराला खिंडार पाडताना तो चौर्यशास्त्राचा हवाला देतो, जानव्याने भिंतीचे माप घेतो, दिवा विझावा म्हणून एक कीटक सोडतो आणि जुने दार कुरकुरू नये म्हणून त्यावर पाणी शिंपडतो. मग त्या पाण्याचाच आवाज होईल की काय, अशी त्यास धास्ती वाटते! उजेड आणि आवाज हे चोराचे दोन वैरी. हे सूत्र ज्या नाटककाराने इतक्या पूर्वी ओळखले, त्याच्या पुढच्या काळात ते कोणी इतक्या निष्ठेने हाती घेतले असेल, तर ते अमेरिकेतील केंब्रिज येथल्या एका लहानशा व्हिडिओ गेम संस्थेने. 'लुकिंग ग्लास स्टुडिओज' हे तिचे नाव, आणि 1998 च्या अखेरीस प्रसिद्ध झालेला 'थीफ : द डार्क प्रोजेक्ट' हा तो खेळ. व्हिडिओ गेम म्हणजे पोरखेळ, असे मानणाऱ्या वाचकांनी क्षणभर तो समज बाजूस ठेवावा, एवढी विनंती.

लपूनछपून जाण्याचे खेळ त्यापूर्वी नव्हते असे नाही. 1981 साली सायलस वॉर्नर यांच्या 'कॅसल वुल्फेन्स्टाइन'मध्ये नाझींच्या किल्ल्यातला बंदी शत्रूचा गणवेश चढवून पहारेकऱ्यांच्या डोळ्यांत धूळ फेकू शके. 1987 साली जपानमध्ये हिदेओ कोजिमा यांनी 'मेटल गिअर' रचला, त्यामागील कारण तर मौजेचे आहे. एमएसएक्स 2 ह्या घरगुती संगणकाच्या पडद्यावर एका वेळी फार शत्रू आणि गोळ्या दाखवता येत नसत. तेव्हा युद्ध दाखवण्याऐवजी युद्ध टाळणे हाच खेळ का करू नये, असा विचार त्यांनी केला. साधनांच्या दारिद्र्यातून एक नवा प्रकार जन्मास आला.

1998 हे ह्या प्रकाराचे पर्व ठरले. जपानमध्ये फेब्रुवारीत 'तेन्चू' आणि सप्टेंबरात कोजिमांचाच 'मेटल गिअर सॉलिड' निघाला. दोन्ही उत्तम, आणि दुसरा तर लोकप्रियतेत 'थीफ'च्या कितीतरी पुढे गेला. परंतु त्यातील नायकापाशी एक रडार आहे. शत्रू कोठे आहे आणि त्याची नजर कोणीकडे आहे, हे खेळाडूस एका कोपऱ्यात नकाशावर दिसते. 'थीफ'च्या नायकापाशी असले काही नाही. त्यास आपले कानच वापरावे लागतात, आणि माझ्या मते त्याचे श्रेष्ठत्व येथेच सुरू होते.

ह्या खेळाचा आरंभ मात्र भलत्याच ठिकाणी झाला होता. राजा आर्थरची कथा उलटी करून, मॉर्ड्रेडला नायक बनवून एक खेळ रचण्याचा बेत होता. तो सोडून देऊन संस्थेने चोराची कल्पना उचलली. नायक गॅरेट हा एका निनावी नगरातला अनाथ पोर. गर्दीत एका गूढ पंथाच्या माणसाचा खिसा कापताना पकडला जातो, त्या पंथाकडून दृष्टीआड राहण्याची विद्या शिकतो आणि पुढे पंथ सोडून ती स्वतःच्या पोटासाठी वापरतो. तो शूर नाही. समोरासमोर दोन पहारेकऱ्यांशी तलवार भिडली, तर बहुधा त्याचेच मरण ओढवते.

पडद्याच्या तळाशी एक रत्न असते. गॅरेट उजेडात आला की ते उजळते, काळोखात सरकला की विझते. सारा खेळ त्या रत्नाकडे एक डोळा ठेवून खेळायचा. पाण्याच्या टोकाचा बाण मारून मशाल विझवता येते, शेवाळाचा बाण फरशीवर मारून पावलांचा आवाज गिळता येतो. गालिच्यावर पाऊल वाजत नाही, मातीवर थोडे वाजते, संगमरवरावर टकटकते, लोखंडी जाळीवर तर घणाणते. तेच नियम पहारेकऱ्यासही लागू. भिंतीपलीकडे तो कोणत्या खोलीत आहे, येत आहे की जात आहे, हे त्याच्या जोड्यांच्या आवाजावरून ओळखायचे. (ज्यांचे अर्धे आयुष्य व्हरांड्यातल्या पावलांवरून साहेबांची चाहूल घेण्यात गेले, त्या आम्हा कारकुनांस ही विद्या अगदीच परकी नाही.) संशय आला तर पहारेकरी लगेच धावून येत नाही, आधी थबकतो, पुटपुटतो, थोडे शोधतो, मग कंटाळून परततो. पहिल्याच वाड्याबाहेर दोन पहारेकरी अस्वलांच्या झुंजींविषयी गप्पा मारीत उभे असतात. त्या गप्पा ऐकत, अंधारात श्वास रोखून उभे राहावे लागते, आणि हे उभे राहणेच खेळ आहे! 'डूम' आणि 'क्वेक' ह्यांनी ज्या पिढीस धावत गोळ्या झाडायला शिकवले होते, तिच्या हाती ही स्वस्थता देण्यास मोठे धारिष्ट लागले असले पाहिजे.

काठिण्याची कल्पनाही निराळी. बहुतेक खेळ कठीण करावयाचे म्हणजे शत्रूंचे बळ वाढवायचे. येथे कर्तव्ये वाढतात: अधिक लूट आणा, अमुक वस्तू शोधा, आणि सर्वांत वरच्या पायरीवर बहुतेक ठिकाणी कोणाही माणसाचा जीव घेऊ नका. म्हणजे खेळाडू जसजसा निपुण होतो, तसतसा तो अहिंसक होतो. चोराच्या कथेत हे यावे, ह्यातील गंमत शर्विलकास नक्कीच कळली असती.

तरीही हा खेळ निर्दोष नाही, आणि त्याच्या भक्तांनी ही गोष्ट झाकून ठेवणे मला योग्य वाटत नाही. बारा कामगिऱ्यांपैकी कितीतरी थडग्यांत, भुयारांत आणि पछाडलेल्या ओसाड जागी घडतात. तेथे प्रेते चालतात, राक्षस भेटतात. प्रेतास कसली दिनचर्या, कसल्या गप्पा, कसला कंटाळा? ज्याच्या मनाचा अंदाज घ्यायचा, ते मनच तेथे नाही. निव्वळ चोरी लोकांस रुचेल की नाही, ह्याविषयी कर्त्यांचा स्वतःवरच पुरता विश्वास नव्हता, असे ही ठिकाणे पाहताना वाटते. पछाडलेल्या मंदिराच्या प्रकरणात भीती अस्सल उतरली आहे हे मान्य. पण ती दुसऱ्या जातीच्या कलाकृतीची भीती आहे. मार्च 2000 मध्ये आलेल्या दुसऱ्या भागात प्रेते बहुतांशी गेली आणि वाडे, बँका, पहारेकरी परत आले. कर्त्यांनीच दिलेला हा निवाडा म्हणावयास हरकत नाही.

पण तो फार उशिरा आला. दुसरा भाग निघाल्यावर दोनच महिन्यांनी, मे 2000 मध्ये, पैशाच्या अडचणीने लुकिंग ग्लास बंद पडली आणि तेथील माणसे इतर संस्थांत विखुरली. खेळ मात्र रसिकांनी हातचा जाऊ दिला नाही. संस्थेने दिलेल्या साधनांनी ते स्वतः नव्या कामगिऱ्या रचीत राहिले. 2012 साली एका निनावी व्यक्तीने जुन्या आज्ञावलीत सुधारणा करून ती सर्वांस विनामूल्य दिली, आणि हा खेळ नव्या संगणकांवर सुरळीत चालू लागला. नोव्हेंबर 2023 मध्ये, पंचवीस वर्षे पूर्ण होताना, 'द ब्लॅक परेड' ह्या नावाने दहा कामगिऱ्यांची एक संपूर्ण नवी मालिका ह्याच मंडळींनी प्रसिद्ध केली. तिच्यातही पडद्याच्या तळाशी तेच रत्न आहे.