वेल्सचे तिपदरी हार्प : रचना, सूर आणि वादन

ब्रिटनच्या पश्चिमेकडील वेल्स या छोट्या प्रदेशाचे राष्ट्रीय वाद्य म्हणजे हार्प. त्यातही 'टेलिन डेइरेस', म्हणजे तीन ओळींचे हार्प, तिथल्या लोकांना विशेष जवळचे. या लेखात आम्ही त्याचीच ओळख करून देत आहोत.

हे वाद्य मूळचे वेल्सचे नाही. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला ते इटलीत वाजत होते. तिथून ते लंडनला आले आणि त्या शतकाच्या अखेरीस लंडनमध्ये राहणाऱ्या वेल्श वादकांनी ते आपलेसे केले. पुढे शंभर वर्षांत सगळे त्याला 'वेल्श हार्प' म्हणू लागले. आपल्या बाजाच्या पेटीचेही तसेच झाले. लंडनमध्ये स्थायिक झालेल्या याच वेल्श समाजाने १७५१ मध्ये 'कम्रोडोरिअन' ही सांस्कृतिक संस्था काढली. दोनदा खंड पडूनही ती आज चालू आहे.

रचना

बँकेत आयुष्य गेल्यामुळे आम्ही आधी तारा मोजल्या. बाहेरच्या दोन्ही ओळींत सप्तकाचे सात शुद्ध स्वर, दोन्हीकडे अगदी सारखे. मधल्या ओळीत उरलेले पाच, म्हणजे चार कोमल आणि तीव्र मध्यम. एका सप्तकाला १९ तारा, पाच सप्तकांना सुमारे ९५. तारा पारंपरिक पद्धतीने आतड्याच्या तातीच्या असतात. पायाने दाबायचे पेडल नसते.

सूर लावणे

खुंट्या किल्लीने पिळून आधी बाहेरची एक ओळ षड्ज-पंचम आणि सप्तकाच्या संवादाने लावतात. मग दुसरी ओळ तिच्याशी जुळवतात. तानपुऱ्याच्या जोडीच्या तारा लावताना जी कसोटी असते, तीच इथेही लागते. किंचित फरक राहिला तरी आवाजात लहर ऐकू येते. शेवटी मधली ओळ लावतात. दमट हवेत तात लगेच उतरते किंवा चढते, त्यामुळे हे काम वारंवार करावे लागते.

पट्टी बदलायची म्हणजे आणखी खटाटोप. पंचमाला षड्ज मानायचे, तर बाहेरच्या दोन्ही ओळींतले शुद्ध मध्यम, म्हणजे दहा तारा, चढवाव्या लागतात. शुद्ध मध्यमही हाताशी हवा असेल, तर मधल्या पाच तारा उतरवायच्या.

वादन

नेहमीचे हार्प उजव्या खांद्यावर टेकवतात, वेल्श परंपरेत मात्र डाव्या. डावा हात वरचे स्वर वाजवतो, उजवा खालचे. मधल्या ओळीचा स्वर हवा असेल, तर बाहेरच्या दोन तारांमधून बोट आत घालावे लागते.

एकच तार पुन्हा छेडायची, तर बोट टेकताच आधीचा नाद थांबतो. इथे तोच स्वर दोन ओळींत असल्यामुळे दोन हातांनी तो आलटून पालटून वाजवता येतो आणि नाद तुटत नाही. त्यातून उमटणारा प्रतिध्वनी ही या वाद्याची खरी खूण.

'केर्द दान्त' या गायनप्रकारात हार्पवर एक चाल सुरू होते, गायक थोड्या वेळाने दुसऱ्या चालीत कविता गाऊ लागतो आणि दोघे एकत्र संपवतात.

परंपरा

अठराव्या शतकात जॉन पॅरी हे अंध वादक प्रसिद्ध होते. १७४२ मध्ये त्यांनी इव्हान विल्यम्स यांच्यासह वेल्श चालींचा संग्रह प्रसिद्ध केला. १८१० मध्ये एरार यांनी दुहेरी पेडलच्या हार्पचे पेटंट घेतले. त्यावर पट्टी पायाने बदलता येत असल्याने तिपदरी हार्प मागे पडू लागले. लेडी लॅनोव्हर यांनी स्पर्धांत तिपदरी हार्पच बक्षीस देऊन त्याला आधार दिला. रोमा समाजातील अब्राम वुड यांच्या वंशजांनीही ही कला पिढ्यान्‌पिढ्या जपली. रोमांचे पूर्वज भारतातून गेलेले, हे आपल्याला ठाऊक असावे.

विसाव्या शतकात वादक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले. त्या काळात नान्सी रिचर्ड्स (१८८८-१९७९) यांनी हे वाद्य सोडले नाही आणि तरुणांना शिकवले. 'आर लॉग' या गटातले रॉबर्ट्स बंधू त्यांचेच शिष्य. पुढे रॉबिन हू बोवेन यांनी ते मैफलींतून दूरवर नेले. एका वृद्ध बाईंनी वेळेवर शिकवले, म्हणून वादनाची साखळी तुटली नाही.

सभासदांनी ध्वनिमुद्रण मिळवून जरूर ऐकावे आणि दोन ओळींतला तो प्रतिध्वनी कानांनी ओळखून पाहावा.