नरक्या, पी५३ आणि एक उलटलेला समज

मंडळी, खांडसवरून भीमाशंकर चढणारे आपल्यात बरेच असतील. वरच्या सदाहरित रानात नरक्या नावाचं झाड आहे. नावावरूनच त्याचा वास कळावा! आज त्याच्यापासूनच सुरुवात करतो.

१९६६ साली अमेरिकेत मन्रो वॉल आणि आपल्या नंदुरबारला जन्मलेले मनसुख वाणी यांनी एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन वेगळं केलं. १९७२ मध्ये गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांना तेच द्रव्य नरक्यात भरपूर सापडलं. पुढे सह्याद्रीतला नरक्या तोडून पोत्यांनी परदेशी गेला, ती वेगळी रड आहे.

हे द्रव्य पेशीतला डीएनए तुटायला लावतं. आणि डीएनए तुटला की पी५३ नावाचं प्रथिन जागं होतं. याला पेशीतला पोलीस पाटील समजा. तो वाढ थांबवतो, दुरुस्ती करवतो, आणि दुरुस्ती जमत नसेल तर पेशीला मरायला लावतो.

गंमत अशी, की १९७९ मध्ये पी५३ सापडलं तेव्हा त्यालाच चोर ठरवलं गेलं. कॅन्सरच्या पेशींत ते ढिगानं दिसायचं, प्रयोगशाळेत गाठी वाढवायचं. दहा वर्षं हाच समज. १९८९ च्या सुमारास उलगडा झाला : प्रयोगात वापरलेलं पी५३ बिघडलेलं होतं. चांगलं पी५३ गाठ रोखतं. जवळजवळ निम्म्या कॅन्सरांत ते बिघडलेलं असतं. उरलेल्यांपैकी अनेकांत ते धड असतं, पण एमडीएम२ नावाचं दुसरं प्रथिन त्याला दाबून ठेवतं.

हा समज उलटला नसता, तर पुढचा प्रश्न कुणी विचारलाच नसता : पाटलाला पुन्हा कामाला लावता येईल का? २००२ मध्ये स्वीडनमधल्या गटाने प्रिमा-१ हा छोटा रेणू दाखवला, तो बिघडलेल्या पी५३ चा आकार सावरतो. २००४ मध्ये न्यू जर्सीतल्या नट्ली गावच्या प्रयोगशाळेतून नट्लिन आलं. ते एमडीएम२ च्या खाचेत जाऊन बसतं, आणि पी५३ मोकळं होतं.

पण मोकळा झालेला पाटील निरोगी पेशींनाही हटकतो. या जातीच्या औषधांनी प्लेटलेट्स उतरतात. प्रिमा-१ च्या पुढच्या औषधाची रक्ताच्या एका आजारावर मोठी चाचणी झाली, डिसेंबर २०२० मध्ये निकाल आला. नेहमीच्या औषधासोबत हे दिलेल्यांत ३३ टक्के रुग्णांना पूर्ण उतार पडला, नुसतं नेहमीचं घेतलेल्यांत २२ टक्के. फरक दिसतो, पण योगायोग नाही असं म्हणण्याइतका तो ठाम नव्हता.

व्याख्यान संपलं की कोणीतरी विचारतंच, "मग नरक्याचा काढा घेतला तर?" नका घेऊ. सत्तरच्या दशकात कॅम्प्टोथेसिनच्या पहिल्या चाचण्या थांबवाव्या लागल्या, कारण रुग्णांना मूत्राशयातून रक्तस्राव होऊ लागला होता. त्याचं रूप बदलून टोपोटेकान बाजारात यायला १९९६ उजाडलं. आणि खारघर किंवा परळहून आणलेल्या रिपोर्टात पी५३ असं लिहिलेलं दिसलं, तर ते औषधाचं नाव नाही. गाठीतला पाटील कसा आहे, त्याची ती नोंद आहे. तिचा अर्थ तिथल्याच डॉक्टरांना विचारा.