वृद्धशुश्रूषागृहांची वास्तुरचना

वृद्धशुश्रूषागृहांची वास्तुरचना : स्वतःचे दैनंदिन व्यवहार उरकता न येणाऱ्या वृद्धांच्या कायम निवासासाठी व शुश्रूषेसाठी बांधलेल्या इमारतीतील खोल्या, वाटा, प्रकाश आणि सोयी यांची मांडणी. मराठी बोलण्यात ‘नर्सिंग होम’ म्हणजे डॉक्टरांचे छोटे खाजगी रुग्णालय. १९४९ च्या मुंबई शुश्रूषागृह नोंदणी अधिनियमाच्या व्याख्येत तर प्रसूतिगृहही येते. येथे अभिप्रेत असलेली वास्तू वेगळी आहे. रुग्णालयात माणूस बरा होऊन घरी जायला येतो, येथे तो राहायला येतो. फरक उघड आहे, तरी विसाव्या शतकातील बहुतेक आराखड्यांत तो उमटलेला नाही, आणि या वास्तूंचे बरेचसे दोष तिथूनच आले.

अमेरिकेत याचे मूळ अनुदानात सापडते. रुग्णालये बांधण्यासाठी १९४६ मध्ये झालेल्या हिल-बर्टन कायद्याची कक्षा १९५४ मध्ये वाढवून शुश्रूषागृहांनाही पैसा देण्यात आला आणि पैशाबरोबर रुग्णालयाचा नकाशाही आला : मध्ये लांब कॉरिडॉर, दोन्ही अंगांना सारख्या दारांच्या, दोन-चार खाटांच्या खोल्या आणि सगळीकडे नजर जाईल अशा जागी नर्सिंग स्टेशन. चार दिवसांच्या रुग्णासाठी आणि पाळीवरच्या परिचारिकेसाठी ही रचना सोयीची आहे. पण स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला एकसारख्या वीस दारांतून आपले दार ओळखता येत नाही. तो भलत्याच खोलीत शिरतो, आणि केसपेपरवर ‘भटकण्याची सवय’ अशी नोंद होते. पॉवेल लॉटन आणि ल्युसिल नहेमो यांनी १९७३ मध्ये यावर सैद्धांतिक बोट ठेवले. माणसाची क्षमता जितकी कमी, तितके त्याचे वागणे भोवतालच्या परिसरावर जास्त अवलंबून, असे त्यांच्या मांडणीचे सार आहे. लॉटन यांच्याच संशोधनातून फिलाडेल्फियात १९७४ मध्ये सुरू झालेल्या वाइस इन्स्टिट्यूटमध्ये कॉरिडॉर काढून टाकून मोकळ्या दालनाभोवती खोल्या बसवल्या होत्या. वाड्याच्या चौकाशी परिचित असलेल्या वाचकाला ही कल्पना नवी वाटणार नाही.

सर्वाधिक बारकाईने नोंदले गेलेले उदाहरण ओहायो राज्यातील चार्डन येथील कोरीन डोलन केंद्राचे (१९८९). तेथे खोलीतील शौचकूप पडद्याआड होता. पडदा सरकवून कमोड नजरेला पडेल असे केले, तेव्हा रहिवाशांचा त्याचा वापर अनेक पटींनी वाढला. खोल्यांच्या दारांशी बंद काचपेट्या बसवून त्यांत प्रत्येकाच्या जुन्या वस्तू ठेवल्या, त्यांचा आपली खोली ओळखायला काही जणांना उपयोग झाला. त्याच सुमारास झालेल्या दुसऱ्या एका प्रयोगात बाहेर जाण्याच्या दाराची मूठ कापडाने झाकताच बाहेर पडण्याचे प्रयत्न थांबले. (हे संरक्षण की फसवणूक, यावर एकमत नाही.) अशा अभ्यासांवर नेहमीचा आक्षेप असा, की नमुने लहान असतात आणि नव्या इमारतीबरोबर कर्मचारी व व्यवस्थापनही बदलते, तेव्हा श्रेय भिंतींना द्यायचे की माणसांना हे ठरत नाही. संपूर्ण इमारतींच्या तुलनेपुरता तो खरा आहे. पडद्याच्या प्रयोगाला मात्र तो लागू होत नाही, कारण तिथे माणसे तीच होती, फक्त पडदा हलला.

छोटा गट आणि स्वतंत्र खोली हे दोन निकष यानंतर प्रस्थापित झाले. जपानने २००२ पासून साधारण दहा जणांचा गट व प्रत्येकाला वेगळी खोली ही पद्धत स्वीकारली. अमेरिकेत बिल थॉमस यांच्या कल्पनेतील पहिली ‘ग्रीन हाउस’ घरे २००३ मध्ये मिसिसिपीतील टुपेलो येथे उभी राहिली. दहा-बारा रहिवासी, मध्ये उघडे स्वयंपाकघर आणि एकच मोठे जेवणाचे टेबल. नेदरलँड्समधील वेस्प येथील होगवेक (२००९) हे तर गल्ल्या-दुकानांसह वसवलेले गावच आहे. वेगळ्या खोलीत माणूस एकटा पडेल, ही शंका एकत्र कुटुंबाची सवय असलेल्या समाजात विशेष वजनदार ठरते. पण जपानी संशोधकांना अनेक खाटांच्या खोल्यांत माणसे एकमेकांकडे पाठ करून पडलेली आढळली; वेगळी खोली मिळाल्यावर ती बैठकीच्या जागेत जास्त वेळ बसू लागली. मिटायला स्वतःचे दार असेल, तर माणूस बाहेर येतो. खर्चाचा आक्षेप अधिक अवघड आहे. दहा जणांमागे रात्रीचा एक माणूस परवडणे सोपे नाही, हे मान्य करावे लागते. मात्र गर्दीचीही किंमत असते. कॅनडातील ओंटारिओ प्रांतातील सहाशेहून अधिक शुश्रूषागृहांच्या २०२० मधील पाहणीत जास्त दाटीच्या गृहांत कोविडची लागण ९.७ टक्के व मृत्यू २.७ टक्के होते, कमी दाटीच्या गृहांत अनुक्रमे ४.५ व १.३ टक्के. अमेरिकेच्या २०१६ च्या नियमांनी नव्या बांधकामात एका खोलीत दोनहून अधिक रहिवासी ठेवण्यास मनाई केली.

अग्निसुरक्षा : अंथरुणाला खिळलेल्यांना जिन्याने उतरवणे अवघड असल्याने त्याच मजल्यावर आगरोधक भिंतीपलीकडे हलवण्याची सोय ठेवतात.

बाग : वाट फिरून पुन्हा दाराशी यावी, मध्येच संपू नये.

भारत : गृहनिर्माण मंत्रालयाची २०१९ ची नमुना मार्गदर्शक तत्त्वे निवृत्तांच्या वसाहतींसाठी आहेत, शुश्रूषागृहांसाठी नाहीत. ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाविषयीच्या २००७ च्या कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार वृद्धांची सोय होईल असा निदान एक वृद्धाश्रम असावा, अशी तरतूद आहे. हे १५० जण एकाच कॉरिडॉरवर राहावेत असे त्यात कोठेही म्हटलेले नाही. एकाच आवारात दहा-दहा जणांची पंधरा घरे बांधली, तरी ही संख्या भरते.